पुरेसा नसलेला इतिहास

२०१६ च्या नोव्हेंबरात आम्हांला एक नकारपत्र आले. नकारपत्रे आम्हांला नवी नव्हती. वाङ्मयीन नियतकालिकांकडून ‘साभार परत’ आलेली पाकिटे आम्हां दोघांच्याही संग्रही पुरेशी आहेत, आणि संपादकीय सौजन्याच्या त्या नमुन्यांवर कधीतरी एखादा निबंध लिहावा असे आम्ही अधूनमधून म्हणतही असतो. हे पत्र मात्र एका बँकेचे होते. एक पान, दोन परिच्छेद, खाली कोणाचीही सही नाही, केवळ विभागाचे नाव. क्रेडिट कार्डासाठीचा आपला अर्ज मंजूर करता येत नाही, कारण आपला पतविषयक इतिहास पुरेसा नाही, एवढाच पहिल्या परिच्छेदाचा आशय. दुसऱ्यात, हा निर्णय ज्या संस्थेच्या अहवालावर आधारलेला आहे तिचे नाव आणि पत्ता, आणि त्या अहवालाची प्रत साठ दिवसांच्या आत विनामूल्य मागवण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी सूचना.

वाचणे आणि वाचायला शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे ते पत्र आम्ही स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवून पुनःपुन्हा वाचले. मजकूर सारा कर्मणी प्रयोगात. निर्णय घेतला गेला होता, अर्ज तपासला गेला होता. कोणी, हे व्याकरणातूनच हद्दपार झालेले. आणि तो शब्द: ‘पुरेसा नाही’. इतिहास वाईट आहे असे पत्र म्हणत नव्हते. ज्यांच्या पूर्वजांची नावे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आहेत, त्यांना कोणी ‘तुमचा इतिहास पुरेसा नाही’ असे म्हणावे, याची प्रथम आम्हांला गंमतच वाटली. गंमत फार टिकली नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. आम्ही दोघे पुण्यातील दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आमच्यातील एकीला इलिनॉय राज्यातील एका विद्यापीठात दोन वर्षे मराठी शिकवण्याचे निमंत्रण आले, आणि दुसरा बिनपगारी रजा काढून, अर्धवट राहिलेला प्रबंध पेटीत घालून, तिच्याबरोबर गेला. यापुढे गरज पडेल तेथे ‘ती’ आणि ‘तो’ असे लिहू. एरवी आम्ही म्हणजे आम्हीच.

अमेरिकेत परदेशी माणसाला बँकेत खाते उघडता येते. पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि राहण्याचा पत्ता दाखवला की अर्ध्या तासात काम होते, आणि आठवडाभरात डेबिट कार्डही घरी येते. त्यामुळे आपण आता येथले झालो, अशी एक भाबडी समजूत होऊन बसते. ती पहिल्या महिन्यातच ढासळली. मोबाईलच्या मासिक योजनेसाठी आमच्याकडून अनामत मागितली गेली. शेजारच्या घरातील विद्यार्थ्याला ती मागितली गेली नव्हती. घरमालकाने एका महिन्याऐवजी दोन महिन्यांची ठेव घेतली. शिकागोला जाण्यासाठी भाड्याने गाडी घ्यायला गेलो, तर काउंटरवरील तरुणाने डेबिट कार्ड दोन बोटांत धरून परत केले. खात्यात पैसे आहेत, हवे तर आत्ता सगळे भाडे आगाऊ घ्या, असे आम्ही म्हणालो. तो नम्रपणे म्हणाला, की प्रश्न पैशांचा नाही.

प्रश्न पैशांचा नाही, हे समजायला आम्हांला वेळ लागला. रोखीने व्यवहार करणारा तो खरा माणूस, उधार मागणारा तो ओशाळा, या संस्कारात आम्ही वाढलो. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी वाचत मोठे झालेल्या पिढीला, रोख पुढे करणाऱ्याविषयीच संशय घेतला जावा हे उलटे वाटणारच. तेथील हिशेब वेगळा आहे. डेबिट कार्ड दाखवणारा माणूस आपल्याजवळ पैसे आहेत एवढेच सिद्ध करतो. क्रेडिट कार्ड दाखवणारा आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकलेला आहे हे सिद्ध करतो. मराठीत या दोहोंसाठी दोन शब्द आहेतच. पहिली ऐपत, दुसरी पत. दोन्ही शब्द कानाला सख्खे वाटले तरी त्यांचे घर एक नाही. ऐपत माणसाच्या खिशात असते. पत मात्र इतरांच्या मनात असते, म्हणून ती राखावी लागते, जाते, गेली की सहजी परत येत नाही. अब्रूविषयी आपण जी क्रियापदे वापरतो, तीच पतीविषयी वापरतो. आमच्या ऐपतीबद्दल त्या तरुणाला शंका नव्हती. आमची पत त्या देशात कोणाच्याही मनात नव्हती, इतकेच.

वास्तविक आमच्या नावावर कर्ज होते. पुण्यातील घराचे हप्ते आम्ही दहा वर्षे एकही न चुकवता भरत आलो होतो, आणि कोणी किती कर्ज घेतले, कसे फेडले, याच्या नोंदी ठेवणारी सिबिल ही संस्था आपल्याकडे २००० सालीच स्थापन झालेली आहे. परंतु तो इतिहास तिकडे कोणी वाचत नव्हते. (२०१९ पासून एका मोठ्या अमेरिकन कार्ड-कंपनीने भारतातील पतअहवाल विचारात घेण्यास आरंभ केला; आम्ही त्याआधीच परतलो होतो.) समुद्र ओलांडला की जात जाते, असे मानणाऱ्या समाजात आमच्या पणजोबांच्या पिढीला प्रायश्चित्ते घ्यावी लागली. आमच्या वाट्याला सिंधुबंदीचा हा नवा प्रकार आला: समुद्र ओलांडला की पत जाते.

आणि त्यातही तिची स्थिती बरी होती. ती नोकरीवर असल्याने तिला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला. हा क्रमांक मुळात १९३० च्या दशकात निवृत्तिवेतनाचा हिशेब ठेवण्यासाठी निघाला. आता माणसाची बहुतेक सारी आर्थिक ओळख त्याला चिकटलेली आहे. तो तिच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून आलेला. काम करण्याचा वेगळा परवाना काढल्याखेरीज त्याला हा क्रमांक मिळणार नव्हता, आणि प्रबंध लिहायला कोणताही देश परवाना मागत नाही. तेव्हा तो दोन वर्षे क्रमांकाविना राहिला. वीजबिल, घरभाडे, ग्रंथालयाचे सदस्यत्व, सारे तिच्या नावावर. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या प्रत्येक अर्जावर नवऱ्याचे नाव लागते, तेव्हा हा उलटा न्याय काही काळ आम्हांला रुचलाही. अर्थात तेथेही तो जुना नाही. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यापूर्वी अमेरिकेतील विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर कर्ज किंवा कार्ड मागताना पुष्कळदा नवऱ्याची सही आणावी लागे. १९७६ मध्ये त्या कायद्याचा विस्तार होऊन वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र यांवरून भेद करण्यासही मनाई झाली. मात्र अर्जदाराच्या व्हिसाची स्थिती विचारात घेण्याची मुभा सावकाराला राहिली. परदेशी माणूस कोठून आला हे विचारायचे नाही. तो किती दिवस थांबणार हे विचारायचे.

नकार देताना कारण कळवण्याचे बंधन सावकारावर घातले गेले ते याच कायद्यांमुळे. आम्हांला आलेले ते कोरडे पत्र म्हणजे एका चळवळीचे फलित होते, हे कळल्यावर त्याकडे पाहण्याची आमची दृष्टी किंचित बदलली. या पत्राकडे पुन्हा यावे लागेल.

हिवाळ्याच्या सुट्टीत त्याला ग्रंथालयात बसून प्रबंध लिहायचा होता. तो त्याऐवजी पतीचा इतिहास वाचत बसला. (प्रबंध अद्याप अपुरा आहे.) १८४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन नावाच्या रेशीम व्यापाऱ्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. टॅपन हा गुलामगिरीच्या विरोधात झटणारा, कडवा धार्मिक माणूस. १८३७ च्या मंदीत त्याच्या घराण्याची पेढी कोसळली, आणि दूरच्या गावातील कोणत्या दुकानदाराला माल उधार द्यावा, हे आधी कळण्याची सोय हवी असे त्याला वाटले. त्याने गावोगावी बातमीदार नेमले, त्यांत बरेचसे वकील. इलिनॉयमध्ये वकिली करणारा लिंकनही असे अहवाल लिहीत असे, असे म्हटले जाते. हे अहवाल न्यूयॉर्कच्या कचेरीत मोठ्या खातेवह्यांत उतरवले जात. अडीच हजारांहून अधिक खंडांचा तो संग्रह आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने यात रस घ्यावा असे काही असेल तर ते हे, की त्या वह्यांतील पत गद्यात लिहिलेली होती. अमुक दुकानदार पितो का, बायको काटकसरी आहे का, जुगाराचा नाद आहे का, सासऱ्याकडे जमीन किती, गावात त्याच्याविषयी काय बोलले जाते. दोनचार ओळींची, संक्षेपांनी गच्च भरलेली व्यक्तिचित्रे. त्यांत पूर्वग्रह होते, हेवेदावे होते, वंशावरून आणि धर्मावरून मारलेले शेरे होते. आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येत नव्हते. पुढे साध्या ग्राहकांच्याही अशा खासगी नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचा इतका अतिरेक झाला की १९७० मध्ये कायदा करून नागरिकाला आपल्याविषयीचा मजकूर पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क द्यावा लागला. दरम्यान, १९५६ मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी स्थापन केलेल्या कंपनीने या साऱ्या गद्याचे अंकात रूपांतर करण्याचा उद्योग आरंभला होता. १९८९ पासून तो अंक सर्वत्र चालू लागला: किमान ३००, कमाल ८५०. बायकोची काटकसर गेली, सासऱ्याची जमीन गेली. राहिले ते एवढेच, की घेतलेले वेळेवर फेडले का, उपलब्ध उधारीपैकी किती वापरली, आणि खाते किती जुने आहे.

यात प्रगती आहे, हे आम्ही मान्य करतो. अंकाला त्वचेचा रंग दिसत नाही, निदान दिसू नये अशी अपेक्षा असते. तरीही, शिफारसपत्रे लिहिण्यात हयात घालवणाऱ्या आम्हांला त्या जुन्या बातमीदारांविषयी एक चोरटी आपुलकी वाटून गेली. आम्हांला कोणीतरी पाहावे आणि आमच्याविषयी दोन ओळी लिहाव्यात, त्या वाईट असल्या तरी चालतील, असे त्या हिवाळ्यात वाटत होते. तीनशेसुद्धा अंक नसणे म्हणजे काय, हे ज्याच्याजवळ अंक आहे त्याला कळणे कठीण आहे. आमचा अंक कमी नव्हता. तो नव्हताच. अंक निघण्यासाठी निदान सहा महिन्यांचे एक खाते लागते, आणि खाते मिळण्यासाठी अंक लागतो.

या कोड्याची उकल बँकेतील एका प्रौढ बाईंनी करून दिली. अनामत ठेवीवर मिळणारे एक कार्ड असते. आपण बँकेत पाचशे डॉलर ठेवायचे. बँक आपल्याला पाचशे डॉलरपर्यंत उधार देते. म्हणजे आपलेच पैसे आपणच उसने घ्यायचे, ते दर महिन्याला आपणच आपल्याला परत करायचे, आणि हे करताना बँकेने पाहायचे. तिने हे ऐकून मराठीत जो उद्गार काढला तो येथे लिहिण्याजोगा नाही. त्या बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक वापरू नका. आणि काहीच न वापरता ठेवूही नका, कारण न वापरणाऱ्याविषयी काही कळत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्हांला पाठ होती, पण पाय थोडे तरी पसरलेच पाहिजेत, अशी तिची पुरवणी आम्ही प्रथमच ऐकत होतो.

कार्ड आले. पासपोर्टवर तिच्या नावापुढे नवऱ्याचे नाव, मग आडनाव, अशी आपली त्रिपदी. कार्डावर जागा पुरेना म्हणून मधल्या नावाचे एकच आद्याक्षर उरले. ज्याच्या नावावर त्या देशात काहीही नव्हते, तो असा तिच्या कार्डावर एका अक्षरापुरता वस्तीला आला. पुढील सहा महिने आम्ही दर शनिवारी भारतीय दुकानातून तूरडाळ, पोहे आणि बर्फातल्या किसलेल्या नारळाची पिशवी त्या कार्डावर उधार आणत होतो आणि महिन्याचे बिल येताच ती उधारी फेडत होतो. खात्यात पैसे असताना उधार आणणे हा एक विधीच झाला होता. विधीला श्रद्धा लागत नाही, सातत्य लागते.

ही गोष्ट आम्ही अण्णांना कधी सांगितली नाही. अण्णा म्हणजे त्याचे वडील. खटाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. दर रविवारी फोनवर ते हवामान विचारीत, जेवण विचारीत, आणि शेवटी ‘कोणाचे देणे नाही ना?’ असे विचारीत. नाही, असे आम्ही सांगत असू, आणि त्या क्षणी कार्डावर तीस-चाळीस डॉलरचे देणे असे.

अण्णांच्या या प्रश्नामागे एक गोष्ट होती, आणि ती घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिला आख्यानाचे रूप आले होते. १९८४ मध्ये शिक्षकांच्या पतसंस्थेतून एका सहकाऱ्याने कर्ज काढले. अशा कर्जाला दोन सभासद जामीनदार लागतात. त्यांतले एक अण्णा. त्या गृहस्थांनी वर्षभरात हप्ते थांबवले, मग नोकरी सोडली, गाव सोडले. नियमाप्रमाणे वसुली जामीनदारांच्या पगारातून सुरू झाली. महिन्याला ८५ रुपये, चार वर्षे. त्या चार वर्षांत घरात काय काय आले नाही, याची यादी आमच्यातील त्याला आजही पाठ आहे: सायकल, आईचे चष्म्याचे नवे भिंग, सहलीचे पैसे. आख्यानाचा समारोप ठरलेला असे. जन्मात कोणाला जामीन राहू नये.

आमच्या भागाला या गोष्टीचा मोठा संदर्भ आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा नेला, आणि उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खतावण्या, अंगठे उमटवलेले दस्तऐवज ओढून काढून त्यांची होळी केली गेली. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्यांनी ते लिखाणच जाळले. चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याहीआधी, तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडल्याची कथा परंपरेने जपलेली आहे. गाथा बुडाली आणि तरली, हे सारे जाणतात. खतपत्रे तरल्याचे मात्र कोणी सांगत नाही, आणि ती तरावीत असे बहुधा कोणालाच वाटले नसावे. कागद नाहीसा होणे ही आमच्या इतिहासात सुटका आहे. आम्ही मात्र आपल्या नावाने एक तरी कागद तयार व्हावा म्हणून नारळाचा कीस उधार आणत होतो.

आता त्या नकारपत्राकडे परत येतो. ते पुन्हा वाचताना आम्हां दोघांपैकी कोणाला आधी आठवले हे सांगता येणार नाही, कारण दोघेही त्याविषयी काही दिवस बोललो नाही.

२०१३ मध्ये पुण्यात आमच्या मराठीच्या प्रमाणपत्र वर्गात इथिओपियाहून आलेला एक विद्यार्थी होता. संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. रिक्षावाल्यांशी आणि वाण्याशी नीट बोलता यावे म्हणून मराठी शिकत होता. वय तिशीच्या आसपास, लग्न झालेले, एक लहान मुलगी. पत्नी आणि मुलीला वर्षभरासाठी आणायचे म्हणून वसतिगृह सोडून तो एका खोलीचे घर पाहत होता. घर मिळालेही. मालकाची अट एवढीच, की भाडेकरारावर जबाबदार स्थानिक व्यक्तीची सही हवी. एका संध्याकाळी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कराराचा मसुदा घेऊन आमच्या घरी आला.

आम्ही त्याला चहा दिला. मसुदा संपूर्ण वाचला. तो मराठीत होता आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. आम्ही पेन्सिलने त्या दुरुस्त केल्या. ‘सदरहू’चा अर्थ त्याला समजावून सांगितला. मग त्याने, आपण सही कराल का सर, मॅडम, असे आमच्याकडून शिकलेल्या आदरार्थी बहुवचनात विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, विचार करून सांगतो.

आम्ही नाही म्हणालो नाही. मराठीत ‘विचार करून सांगतो’ याचा अर्थ काय, हे आमच्या वर्गाच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते तो स्वतः शिकला असावा, कारण त्याने पुन्हा विचारले नाही. पत्नी आणि मुलगी त्या वर्षी आल्या नाहीत. तो अखेरपर्यंत पहिल्या बाकावर बसत राहिला, परीक्षेत ७१ गुण मिळवले, आणि निरोपसमारंभात दोघांच्याही पाया पडला, जे आम्ही त्याला कधी शिकवले नव्हते.

त्याला आम्ही काय सांगू शकलो असतो? की तुझ्याविषयी आमच्या मनात वाईट काही नाही. तुझा इतिहास आमच्याजवळ पुरेसा नाही. की आमच्या घरात एक आख्यान आहे. बँकेने आम्हांला निदान कारण कळवले होते, कोणाच्या सांगण्यावरून ते कळवले होते, आणि खोडून काढण्याची वाटही दाखवली होती. त्या सहीविहीन पत्रात जेवढे होते, तेवढेही आम्ही, आपुलकीने चहा देणाऱ्यांनी, त्या माणसाला दिले नव्हते. आम्ही त्याला मेल लिहिली, ती २०१७ च्या फेब्रुवारीत, चार वेळा खोडून. ती वर्गाच्या यादीतील जुन्या पत्त्यावर गेली आणि पोहोचू न शकल्याची सूचना येऊन परत आली.

असो. पुढचे थोडक्यात. सहाव्या महिन्यात तिला अंक मिळाला. सातशेच्या किंचित खाली. आम्ही त्या दिवशी शिरा केला, हे सांगायला संकोच वाटतो, पण केला. वर्षभरानंतर ठेव परत मिळाली, कार्ड साधे झाले, आणि तिच्या खात्यावर त्याच्या नावाचे जोडकार्ड निघाले. त्यावर त्याचे संपूर्ण नाव होते; वडिलांच्या नावाचे आद्याक्षर मध्ये. मे २०१८ मध्ये परत निघताना तिने खाते बंद करण्यासाठी बँकेत जाऊन अर्ज दिला. त्याच बाई होत्या. म्हणाल्या, बंद केले तरी चांगला इतिहास सुमारे दहा वर्षे नोंदीत राहतो. म्हणजे हा मजकूर लिहीत असताना, ज्या देशात आमचे काहीही नाही तेथे आमची पत बहुधा अजून शाबूत आहे.

अण्णा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतील कागद आम्ही दोघांनी मिळून लावले. सेवापुस्तकाच्या प्रती, विम्याच्या पावत्या, आणि कपातीच्या त्या ४८ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या दोऱ्यात ओवलेल्या. त्याखाली एक चाळीस पानी वही. ती उघडेपर्यंत तिच्याविषयी आम्हांला, त्याच्या आईलाही, काही ठाऊक नव्हते. पहिल्या पानावर त्या गाव सोडून गेलेल्या गृहस्थांचे आद्याक्षर आणि ४०८० हा आकडा. त्याखाली तारखा आणि रकमा, अण्णांच्या वळणदार अक्षरात. सप्टेंबर १९९०, मनीऑर्डर, ५० रुपये, मिळाले. जानेवारी १९९१, ३० रुपये, मिळाले. एका दिवाळीला २०० रुपये. मध्ये दोन वर्षे काही नाही, मग पुन्हा ५०. काही मनीऑर्डरींच्या खालच्या चिठोऱ्या टाचणीने जोडलेल्या, त्यांवर एखादी ओळ: तब्येत बरी नाही, मुलीचे लग्न झाले, उरलेले पाठवतो.

आख्यान सांगताना अण्णांनी हा भाग कधीच सांगितला नाही. का सांगितला नाही, याविषयी आम्हां दोघांचे मत एक नाही. तिला वाटते, की सांगितला असता तर मुलगा कधीतरी कोणाला जामीन राहिला असता, याची त्यांना भीती होती. त्याला वाटते, की त्या गृहस्थांची उरलीसुरली पत अण्णांनी आपल्यापाशी झाकून ठेवली होती. ती घरातही उघड करणे त्यांना बरे वाटले नसावे.

शेवटची नोंद जून २००३ ची आहे. १०० रुपये, मिळाले. त्यापुढे रेघ मारून बाकी काढलेली आहे: ३४० रुपये. त्यानंतरची पाने कोरी आहेत.